शत्रूशी सोयरीक

पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, सरकारनं पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले आणि अटारीच्या फाटकापाशी रांगा लागल्या. त्या गर्दीत काही बायका अशा होत्या, की पासपोर्ट भारताचा आणि सासर पाकिस्तानात. माहेरपणाला आलेल्या. मुलांचा पासपोर्ट तिकडचा, म्हणून मुलं पलीकडे जाऊ शकत होती. आईला मात्र अडवलं. टीव्हीवर हे चाललं होतं त्याच आठवड्यात आमच्या पिंपरीतल्या भिशीत एकच वाक्य दोघी-तिघींच्या तोंडून ऐकलं, ‘‘मुळात त्यांच्यात लग्न करायचंच कशाला?’’ महाराष्ट्रातली सहा माणसं त्या हल्ल्यात गेली होती, दोघं आपल्या पुण्यातली. राग समजण्यासारखाच होता. पण तो वळला कुणाकडे, ते बघा.

हे आजचं नाही. शत्रूपर्यंत हात पोचत नाही तेव्हा राग हाताशी असलेल्या बाईवर निघतो, आणि तिचं माणूस गणवेशातलं असेल तर मग विचारूच नका. नॉर्वेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हे सगळं सरकारी कागदावर आहे. एप्रिल १९४० ते मे १९४५ हा देश जर्मन फौजांच्या ताब्यात होता. पाच वर्षं! एवढ्या काळात शत्रू हा दुकानात, बोटीवर, रस्त्यात रोज भेटणारा एक विशीतला मुलगाही होतो. तीस ते पन्नास हजार नॉर्वेजियन मुलींचे जर्मन सैनिकांशी संबंध आले असावेत, असा अंदाज आहे. त्यातून दहा-बारा हजार मुलं झाली. ‘आबा’ या प्रसिद्ध गानवृंदातली आनी-फ्रीड ही त्यातलीच एक. आजी तिला लहानपणीच स्वीडनला घेऊन गेली.

जर्मन हरले आणि या मुलींचे भरचौकात केस भादरले गेले. (केशवपन काय असतं, हे आपल्याला युरोपानं शिकवायला नको.) कित्येकींना ऑस्लोजवळच्या होवेडोया बेटावरच्या छावणीत डांबलं. ज्यांनी जर्मनाशी रीतसर लग्न केलं होतं, त्यांचं नागरिकत्वच ऑगस्ट १९४५ च्या निर्णयानं काढून घेतलं आणि त्यांना जर्मनीला धाडलं. जर्मन बायका केलेल्या नॉर्वेजियन पुरुषांना मात्र हा नियम लागला नाही. शत्रूसाठी रस्ते आणि धावपट्ट्या बांधणारे कंत्राटदारही त्या देशात होतेच की. त्यांचे केस कुणी भादरल्याचं ऐकिवात नाही.

आता तुम्ही म्हणाल, ज्याच्या खांद्यावर बंदूक आणि पिशवीत पाव आहे, त्याच्याशी कसलं आलंय प्रेम? प्रश्न अगदी रास्त आहे. घरात म्हातारे आईबाप उपाशी असताना केलेला होकार हा होकार असतो का? कधी तो नाइलाज असतो, कधी सरळ सरळ जबरदस्ती, आणि कधी खरोखरच जीव जडलेला असतो. बाहेरून हे ओळखता येत नाही. तिलाच विचारावं लागतं, एकेकीला, वेगवेगळं. आणि नेमकं तेच कुठलंही सरकार करत नाही.

जिंकणारा असेल तर त्याला विचारायची गरजच वाटत नाही. आपल्या शेजारचा गोवा घ्या. नोव्हेंबर १५१० मध्ये अल्बुकर्कनं आदिलशाहीकडून गोवा जिंकला आणि लढाईत मेलेल्यांच्या बायका-मुलींना बाप्तिस्मा देऊन त्यांची आपल्या सैनिकांशी लग्नं लावली. वर जमिनी दिल्या. या संसारी सैनिकांना ‘कासादो’ म्हणत. पुढे त्यांचा एक मानाचा वर्गच झाला. म्हणजे नॉर्वेत जो गुन्हा, ते इथे राज्याचं धोरण. त्या नवऱ्यांविषयी त्या बायकांना काय वाटलं, हे कुठल्याच बखरीत नाही.

आणि आपलं स्वतःचं सरकार? पिंपरी कॅम्पात आपण कापडं घ्यायला जातो. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी ती पेठ उभी केली, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. फाळणीच्याच पोटातून आलेला एक कायदा मात्र फारसा कुणाला माहीत नाही. पंजाबात तेव्हा शत्रू गणवेशातला नव्हता, शेजारच्या गावचाच होता. दोन्हीकडून हजारो बायका पळवल्या गेल्या. त्यांना शोधून परत धाडण्यासाठी भारतानं १९४९ मध्ये कायदा केला. ‘पळवलेली व्यक्ती’ कोण, याची व्याख्या त्यात आहे: मुलगा असेल तर सोळाच्या आतला. आणि बाई असेल तर कुठल्याही वयाची! १ मार्च १९४७ नंतर कुटुंबापासून तुटलेली मुसलमान बाई बिगरमुसलमानाच्या घरी सापडली, की ती पळवलेलीच. तिचं म्हणणं काय, याला त्यात जागा नाही. छावणीत ठेवलं तर त्याविरुद्ध कोर्टात दादही मागता येत नव्हती.

वीस हजारांहून अधिक बायका भारतातून अशा परत पाठवल्या गेल्या. बहुतेकींवर आधी भयंकर अत्याचार झाले होते आणि पुष्कळजणींची ती सुटकाच होती, हे विसरून चालणार नाही. पण काहीजणी तोवर संसारात रुळल्या होत्या, लेकुरवाळ्या झाल्या होत्या. नको म्हणत होत्या, रडत होत्या. काहींना मुलं मागे सोडून जावं लागलं. उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ मध्ये हे पुस्तकांतून मांडलं, तोवर त्यातल्या कित्येकजणी निघूनही गेल्या होत्या. कायदा १९५७ मध्ये संपला. माफीबिफी कुणी मागितली नाही. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी त्यांच्या देशातल्या बायकांची माफी मागितली ती २०१८ मध्ये, त्र्याहत्तर वर्षांनी.

जानेवारी २०११ मध्ये ढाक्यात ‘मेहेरजान’ नावाचा चित्रपट लागला. १९७१ च्या युद्धातली बंगाली मुलगी आणि पाकिस्तानी फौजेतला, हत्याकांडात भाग घ्यायला नकार देणारा बलुच सैनिक, अशी ती प्रेमकथा. म्हातारपणीची मेहेर केली होती जया बच्चननं. एवढा गहजब झाला, की आठवड्याभरातच तो उतरवला गेला. ज्या बायकांवर त्या फौजेनं अत्याचार केले, त्या अजून हयात असताना ही गोष्ट सांगणं क्रूर आहे, असं विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं. मला ते कळतं. त्यांच्या जागी असते तर कदाचित मीही थिएटरात गेले नसते. पण मेहेर म्हणते ते ऐकून घ्यायला हवं होतं, निदान दोन तास. आणि दिग्दर्शिका रुबायत हुसेन, ती तर त्यांच्यातलीच, बांगलादेशचीच लेक.