घर पाहावे पावसाळ्यात

पाऊस ओसरला, सह्याद्रीच्या पठारांवर सोनकीची पिवळी फुले डोलू लागली आणि दसऱ्या-दिवाळीचे वेध लागले की मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत एका विशिष्ट प्रकारच्या जाहिरातींना बहर येतो. लोणावळा, कर्जत, मुरबाड, पाचगणी, अलिबाग ही नावे आणि त्यांच्यापुढे "सुटीतील हक्काचे घर" हे आमिष! शनिवारी सकाळी गिऱ्हाइकास मोटारीत बसवून जागेवर न्यावयाचे, दरी दाखवावयाची, दूरचा किल्ला दाखवावयाचा, अजून पुरते न आटलेले ओढ्याचे पाणी दाखवावयाचे, पोटभर जेवू घालावयाचे आणि सूर्यास्ताच्या आत इसाराची रक्कम घेऊन मोकळे व्हावयाचे, हा या व्यापाराचा ठरलेला क्रम आहे. होळीपर्यंत हा बाजार तेजीत असतो, उन्हाळ्याच्या सुटीत त्यास पुन्हा थोडा जोर चढतो आणि मृगाची पहिली सर कोसळली की तो मिटतो. पुढचे चार महिने डोंगरातले घर कोणी दाखवीत नाही आणि कोणी पाहावयासही जात नाही. आमचे म्हणणे असे की, घर दाखवावयाचे, पाहावयाचे आणि विकावयाचे ते याच चार महिन्यांत.

थंड देशांत हीच गोष्ट हिवाळ्यात घडते. युरोपातील समुद्रकाठची सुटीची गावे उन्हाळ्यात गजबजतात आणि हिवाळ्यात ओस पडतात. तेथे ऐन हिवाळ्यात असे घर विक्रीस काढणे म्हणजे पडता भाव घेण्याची तयारी ठेवणे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जाणत्या गिऱ्हाइकास तेच दिवस सोयीचे असतात. छपरातून ओल झिरपते काय, नळ गोठतात काय, घर ऊब धरते काय, गावातले दुकान आणि दवाखाना उघडा असतो काय, या प्रश्नांची उत्तरे जानेवारीत आपोआप मिळतात. ऑगस्टमध्ये ती विचारूनही मिळत नाहीत. शिवाय हंगामात विक्रेता भाव सांगतो आणि बिगरहंगामात तो भाव ऐकतो, हा बाजाराचा नियम सर्वत्र सारखाच आहे. आपल्याकडे ऋतूंचा क्रम तेवढा निराळा. हिवाळा हा आपल्या डोंगरांचा मिरवण्याचा काळ, आणि त्यांचा बिगरहंगाम म्हणजे पावसाळा.

हा पावसाळा म्हणजे काय, हे शहरात राहून कळत नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईच्या दुपटीहून अधिक पाऊस, आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत! जुन्या काळी तेथील लोक पावसाची झड भिंतीस लागू नये म्हणून घराभोवती गवताच्या ताट्या उभारीत. आज काचेच्या भिंती असलेले बंगले त्याच वाऱ्यापावसात उभे केले जातात आणि दोन पावसाळ्यांत त्यांच्या भिंतींवर हिरवी-काळी बुरशी चढते. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान ही छोटी आगगाडी आजही पावसाळ्यात नेरळपासून वर जात नाही. तिची माथ्यावरची फेरी तेवढी चालू राहते. गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या साध्या लाँची पावसाळ्यात बंद असतात. घर घेणाऱ्याने ते वर्षातील किती दिवस आपल्यास खरोखर गाठता येईल, याचा हिशेब या गोष्टी ध्यानात घेऊनच केला पाहिजे. हिवाळ्यातील एका शनिवारच्या सहलीने हा हिशेब सुटत नाही.

ओल आणि गैरसोय ह्या गोष्टी पैशाने निभावता येतात. डोंगराचा उतार मात्र पैशाने निभावत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले आणि सुमारे १५० माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ८० हून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा पत्ताच लागला नाही आणि अखेर शोध थांबवावा लागला. ही गरिबांची, पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदलेली गावे होती. सुटीच्या बंगल्यांमुळे ती गेली असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात बंगल्यांची जाहिरात होते, त्याच पट्ट्यात इर्शाळगड आहे. त्याच डोंगरांत रस्त्यासाठी उतार कापले जात आहेत, सपाटीसाठी टेकड्या छिलल्या जात आहेत आणि ओढ्यांच्या वाटा बुजवून त्यांवर कुंपणे घातली जात आहेत. ओढा कोठून वाहतो हे डिसेंबरात कोणासही दिसत नाही. जुलैत तो स्वतःच आपली वाट दाखवितो. विकत घेणाऱ्याने ती वाट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असणे, ही त्याच्या आणि खालच्या वस्तीच्या जिवाची गरज आहे.

पावसाळ्याच्या उलट टोकास मे महिना उभा असतो. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईस पोहोचते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. अशा मुलखात पोहण्याच्या तलावासह बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहतात, तेव्हा ते पाणी कोठून येते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बहुधा ते खोल विंधनविहिरीतून येते, आणि तिच्या शेजारची गावाची विहीर आटली तर गावाने जावे कोणाकडे? ज्याने घर पावसाळ्यात पाहिले, त्याने त्याची विहीर मे महिन्यात पाहावी. या दोन परीक्षांत जे घर उतरेल, ते हिवाळ्यात सुंदर दिसणारच; त्यासाठी निराळी परीक्षा नको.

आता कागदपत्रांकडे वळू. सुटीच्या घरांच्या व्यवहारांत निसर्गाइतकाच कायदाही दृष्टीआड राहतो. कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ६३ प्रमाणे, काही अपवाद सोडता, जो शेतकरी नाही त्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. तरीही "फार्महाऊस प्लॉट" या गोड नावाखाली शेतजमिनीचे तुकडे दाखविले जातात. पुढे घेणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर लागलेच, तर ते इतर अनेकांच्या रांगेत सामाईक हिस्सेदार म्हणून. आपली नेमकी जमीन कोणती, हे ना मोजणीने ठरलेले असते, ना नकाशात दाखविलेले. माथेरान, महाबळेश्वर येथील अनेक जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत. पट्ट्याची मुदत आणि अटी न वाचता त्यांची किंमत करणे म्हणजे पुस्तक न उघडता परीक्षेस बसणे होय. किनाऱ्यावर १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत. ते मोडल्याचा शेवट कसा होतो, हे मार्च २०१९ मध्ये किहीम येथे नीरव मोदी याचा बंगला सुरुंग लावून पाडण्यात आला तेव्हा सर्वांनी पाहिले. पाचगणी-महाबळेश्वर परिसर २००१ पासून, तर माथेरान परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे, हेही घेणाऱ्यास पुष्कळदा व्यवहार झाल्यावरच समजते.

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने गिऱ्हाइकाच्या हाती बरेच सामर्थ्य दिले आहे. नोंदणीवाचून प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही; करारनामा नोंदविल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही; जाहिरातीतील खोट्या विधानामुळे नुकसान झाल्यास भरपाई मागता येते; बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षे विकासकावर राहते. पण या कुंपणास फटी आहेत. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंतची घरे असलेल्या लहान योजनांस नोंदणीची सक्ती नाही, आणि डोंगरातील पुष्कळ योजना नेमक्या त्याच आकाराच्या असतात. जुन्या बंगल्याची एकाने दुसऱ्यास केलेली विक्री तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहते. मोठ्या योजनांतही संरक्षण पुरे पडतेच असे नाही. मोसे खोऱ्यातील लवासा या डोंगरी नगरास नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. ज्यांनी घरांसाठी पैसे भरले होते, त्यांपैकी कित्येकांना घराऐवजी न्यायाधिकरणाच्या तारखा पाहाव्या लागल्या.

यावर विक्रेते म्हणतील की, पावसाळ्यात घर दाखविले तर गिऱ्हाईक पळून जाईल. खोट्या मालाचे गिऱ्हाईक पळेल, हे खरे; आणि ते पळावेच. परंतु ज्याने इमानाने घर बांधले किंवा वडिलोपार्जित बंगला नीट राखला, त्यास पावसाळ्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. बंद बंगल्यास माळी लागतो, रखवालदार लागतो, वर्षाआड रंग लागतो, आणि वारसांची संख्या वाढत जाते तसा विकण्याचा निर्णयही अवघड होत जातो. अशा मालकाने दिवाळीची वाट पाहत बसण्यापेक्षा जुलैत दारे उघडावी, छप्पर आणि पन्हळी दुरुस्त करून घ्याव्या, सातबारा, मिळकतपत्रिका, भाडेपट्टा आणि मोजणीचा नकाशा मेजावर मांडावा आणि भर पावसात येणाऱ्या माणसास आत बोलवावे. जो पावसात घाट चढून येतो, तो सहलीस आलेला नसतो. घर घेण्यासच आलेला असतो. त्यास दोन पैसे कमी सांगावे लागतील, हे खरे. पण असा व्यवहार उभयपक्षी डोळे उघडे ठेवून झालेला असेल आणि पुढे कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग सहसा येणार नाही.

व्यवहारात आणखी एक पक्ष आहे, आणि त्याचे नाव खरेदीखतावर कधीच येत नाही. तो म्हणजे ते गाव. ज्या शेतकऱ्याने जमीन विकली, त्याचाच मुलगा पुष्कळदा त्या जमिनीवर रखवालदार म्हणून उभा असतो. रोजगार मिळाला असे म्हणावे, तर मालकीचे शेत गेले आणि पगाराची काठी हाती आली! शिवाय वर्षातून ३०-४० दिवस उघडणाऱ्या घरांनी गाव वसत नाही. स्वित्झर्लंडमध्ये अशा घरांस "थंड बिछाने" म्हणतात. तेथील मतदारांनी ११ मार्च २०१२ रोजी, अगदी निसटत्या बहुमताने का होईना, असे ठरविले की कोणत्याही गावात दुय्यम घरांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक असू नये. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आयव्ह्‌ज या समुद्रकाठच्या गावात २०१६ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत असा कौल दिला. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून दुय्यम घरांवर स्थानिक कराच्या ३०० टक्क्यांपर्यंत जादा आकारणी करण्याची मुभा आहे. हे उपाय जसेच्या तसे आपल्याकडे आणावेत असे आम्ही सुचवीत नाही. तेथील भूमिपुत्र आणि येथील भूमिपुत्र यांची स्थिती निराळी आहे. परंतु हिवाळ्यात ज्यांच्या खिडक्यांत दिवा लागत नाही त्या घरांबद्दल गावास बोलण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्या ग्रामसभांना तो अधिकार कधी मिळणार?

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. डोंगर आणि किनारा येथील प्रत्येक नोंदणीकृत योजनेच्या जाहिरातपत्रकात उताराची स्थिती, ओढ्यांच्या वाटा, उन्हाळ्यातील पाण्याचा उगम आणि पावसाळ्यातील रस्त्याची अवस्था लेखी देण्याची सक्ती महारेराने करावी. नोंदणीतून सुटणाऱ्या लहान योजनांस डोंगरी तालुक्यांपुरती ही सवलत मिळू नये. आणि विंधनविहीर किंवा डोंगर कापणे यांस परवानगी देण्यापूर्वी ग्रामसभेचे म्हणणे नोंदवून घेतले जावे. पश्चिम घाटासंबंधी गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये. त्यानंतर मसुद्यावर मसुदे निघत राहिले, आणि ३१ जुलै २०२४ रोजी निघालेला मसुदा सहावा होता. मसुदे निघत राहतात आणि दरडीही कोसळत राहतात. तेव्हा मोठ्या निर्णयाची वाट पाहत या लहान गोष्टी खोळंबून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

राहिला घर घेणारा मध्यमवर्गीय गृहस्थ. आयुष्यभराच्या नोकरीची पुंजी तो येथे ओततो. त्याच्या मनात असते ते एक लहानसे घर, पुढे अंगण, अंगणात एखादे आंब्याचे झाड. या इच्छेत गैर काही नाही. कोकणातून किंवा देशावरून शहरात आलेल्या माणसास मातीची ओढ असावयाचीच. पण ती ओढ भागविताना त्याने घाई करू नये. घर पाहावे बांधून, असे जुनी माणसे म्हणत. आयते घर घेणाऱ्याने ते निदान एका पावसाळ्यात पाहावे. दुरून डोंगर साजरे, ही म्हण ज्यांनी केली ते डोंगरांच्या कुशीतच राहणारे लोक होते. भर श्रावणात जवळ जाऊनही जो डोंगर साजरा दिसेल आणि ज्याच्या पायथ्याचे गाव आपल्या येण्याने सुखावेल, तेथेच घर करावे.