बांधावरचा पाला

खानापूरकडील आमचे भातशेत आजही चार घरांचे मिळून एकत्र आहे. गोठ्यातील बैल गेले, मागोमाग म्हशी गेल्या, आणि ज्या उकिरड्याच्या बळावर वडीलधाऱ्यांनी शेत राखले तो उकिरडाही आटला. शेणखताची जागा युरियाने घेतली. परंतु आमच्याकडील आषाढ ज्यांस ठाऊक आहे त्यांना सांगावयास नको, की सकाळी फेकलेला युरिया दुपारच्या सरीबरोबर बांध ओलांडून ओढ्याला मिळतो. खर्च आमचा, लाभ ओढ्याचा! शहरात राहणारी भावंडे विचारू लागली, तोट्यातले शेत ठेवावे तरी कशाला?

यास्तव आम्ही हिरवळीच्या खताकडे वळलो. वळिवाच्या ओलीवर एकरी २० किलो धैंचा पेरावा, सहा-सात आठवड्यांनी फुलकळी दिसू लागताच तो चिखलणीत गाडावा, आणि मग रोप लावावे, इतकाच हा विधी. धैंच्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. चांगले वाढलेले पीक एकरी २५ किलोंच्या आसपास नत्र देते. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात ते जेमतेम २१ किलो असते. शिवाय पाला हळूहळू कुजत असल्याने सारे नत्र एका सरीत वाहून जात नाही.

पहिल्या वर्षी मात्र आम्ही फसलो. ट्रॅक्टर वेळेवर मिळाला नाही. धैंचा पुरुषभर वाढून त्याचे खोड निबर झाले. तसाच तो गाडला आणि दुसऱ्याच दिवशी लावणी उरकली. पंधरवडाभर रोपे पिवळी! थोरले काका बांधावर उभे राहिले, पण काही बोलले नाहीत, आणि तेच आम्हांस अधिक लागले. कारण पुढे उमगले. निबर खोड कुजविणारे जिवाणू जमिनीतील नत्र प्रथम स्वतःच घेतात. रोपाच्या वाट्याला उपवास येतो. अखेर काकांच्या सांगण्यावरून युरिया द्यावाच लागला. तेव्हापासून धैंचा कोवळेपणी गाडावयाचा आणि लावणीपूर्वी आठवडाभर थांबावयाचे, हे दोन नियम आम्ही मोडलेले नाहीत.

वळीव हुकला तर आधार बांधावरच्या गिरिपुष्पाचा. कोणी त्यास उंदीरमारी म्हणतात. पावसाळ्याच्या आरंभी त्याच्या फांद्या रोवल्या की त्या सहज जगतात, आणि दोन-तीन वर्षांत पाला छाटता येतो. चिखलणीत एकरी ४ टन पाला घालावा असे जाणकार सांगतात. आमच्या बांधांवर त्याच्या निम्माही निघत नाही, आणि तो वाहण्यास माणसे मिळत नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. उणीव आम्ही थोड्या युरियाने भरून काढतो. पण जेथे दोन पोती लागत तेथे आता एक पुरते. शेत विकण्याची भाषाही घरात तूर्त थांबली आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी बांधाच्या वाटणीची बोलणी चालू असतील. ती खुशाल चालोत. तोवर येत्या मृगात त्या बांधावर चार फांद्या रोवण्यास कोणाची हरकत नसावी. बांध कोणाच्याही वाट्याला जावो, पाला भाताच्याच कामी येईल.