आडनावाचा सातबारा



पेरणी-फवारणीचे आपण नेहमीच बोलतो. आज आडनावाबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, याचा शेतीशी काय संबंध? माझ्या थोरल्या आत्येभावाच्या घरची हकीकत ऐका, मग ठरवा.

१९७२ च्या दुष्काळात हा भाऊ म्हसवडजवळच्या वाडीतून मुंबईला गेला. देवनारचा बकरा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्याला लागूनच गोवंडी. तिथे त्याने बिऱ्हाड केले. गावी तो शिंदे. पण गोवंडीत त्याच्या कामावर चार शिंदे, म्हणून लोक त्याला म्हसवडकर म्हणू लागले. मुलाला शाळेत घातले तेव्हा दाखल्यावर तेच आडनाव चढले. पुढे भाऊ वारला. सातबारावर बाप शिंदे, आधारकार्डावर मुलगा म्हसवडकर. तीन एकरांची वारस नोंद आठ महिने अडली. "काका, मी माझ्या बापाचा मुलगा आहे हे आता कागदाला कसे पटवू?" असे पोराने विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

गंमत पाहा, म्हसवडात कोणी कोणाला म्हसवडकर म्हणत नाही. गाव सोडले की गावाचे नाव चिकटते. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घराणे मूळचे सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, त्या नोंदवहीत भिवा रामजी आंबेडकर असेच आहे.

काही आडनावे धंद्याची. महात्मा फुले यांचे घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला आणि फुले झाले. सुतार, लोहार, कुंभार, गुरव ही बलुत्याची आठवण. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनाची. पाटीलकीचे वतन कायद्याने जाऊन साठ वर्षे उलटली, आडनाव मात्र दारावर कायम आहे.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. युरोपातल्या चेक देशात नोव्हाक हे फार आढळणारे आडनाव आहे. त्याचा अर्थ, गावात नवा आलेला. आपण माणूस कुठून आला ते सांगतो, ते तो नवा आला एवढेच सांगतात. दोन्हीकडे आडनाव म्हणजे कोणा पूर्वजाच्या स्थलांतराची खूण.

तेव्हा बदललेल्या आडनावाची लाज नको, पण कागद मात्र जुळते ठेवा. आज संध्याकाळीच सातबारा, आधारकार्ड, शाळेचा दाखला आणि बँकेचे पासबुक शेजारी-शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सातबारावर लेखनाची चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. आडनाव खरोखरच बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि तो अंक जपून ठेवा. घरात कोणी वारले तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या. दुःखाचे दिवस असतात, तरी हे काम मागे टाकू नका.

आमच्या पोराचे काम अखेर झाले. वाडीतल्या नव्वदीच्या एका आजीने जबाब दिला, "हा शिंद्याचाच नातू, याचा बाप माझ्या अंगणात वाढला." सोबत प्रतिज्ञापत्र जोडले आणि फेरफार मंजूर झाला. ती आजी नसती तर?

म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, आपण मूळचे कुठले, पहिले आडनाव काय, कोण कधी कुठे गेले. ते वहीत तारखेसह लिहा आणि मुंबई-पुण्याच्या भावकीलाही कळवा. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होईल.