गॅरेजमधली २७ वर्षं

गेल्या महिन्यात बाबांचं आणि माझं थोडं वाजलं. कारण होतं बडोद्याच्या घरी जिन्याखाली नऊ वर्षं उभी असलेली त्यांची बजाज चेतक. मी म्हटलं, "देऊन टाकू भंगारात." बाबा काही न बोलता आत गेले.

त्याच आठवड्यात एका मोटारीची गोष्ट वाचली.

१५ एप्रिल १९६४. शिकागोतली २२ वर्षांची एक शिक्षिका वडिलांकडून पैसे उसने घेऊन गाडी घ्यायला गेली. तिला छप्पर उघडणारीच हवी होती. शोरूममध्ये तशी नव्हती. मग विक्रेत्यानं तिला मागच्या खोलीत नेलं आणि आच्छादन काढून आकाशी फोर्ड मस्टँग दाखवली. ही गाडी जगासमोर येणार होती दोन दिवसांनी, न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात. तरी त्यानं ती विकली. किंमत सुमारे ३,४०० डॉलर!

मस्टँग दिसायला ऐटबाज, पण आतले बरेच भाग फोर्डच्याच साध्या फाल्कन गाडीचे. म्हणून मूळ किंमत २,३६८ डॉलर ठेवता आली आणि नुकती नोकरीला लागलेली मुलंही ती घेऊ शकली. पहिल्याच दिवशी सुमारे २२,००० मागण्या आल्या. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या.

शिक्षिकेचं लग्न झालं, मुलं झाली. वापरून वापरून गाडी बिघडली. नवऱ्यानं ती गॅरेजमध्ये लावली, "बघतो पुढच्या आठवड्यात." तो आठवडा उजाडायला २७ वर्षं लागली. बाई म्हणायची, काढून टाकू. तो म्हणायचा, निवृत्त झालो की दुरुस्त करीन. पुढे कोणीतरी पहिली मस्टँग आपणच घेतल्याचं सांगतोय, असं त्याच्या वाचनात आलं. त्या माणसाची तारीख होती १६ एप्रिल. यांच्याकडे १५ तारखेची पावती जपलेली होती! शेवटी गाडी दुरुस्त झाली, पुन्हा रस्त्यावर आली. आज ती अमेरिकेत विकलेली पहिली मस्टँग मानली जाते.

जुना कोड कोणी लिहिला, का लिहिला, हे न विचारता आम्ही ऑफिसात तो पुसत नाही. घरी मात्र मी बाबांना काहीच विचारलं नव्हतं.

रविवारी विचारलं. चेतकसाठी नंबर लावून कित्येक वर्षं थांबावं लागायचं. बाबांचा नंबर लागला तो माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. दवाखान्यातून आई मला घेऊन घरी आली ती याच स्कूटरवर, मागे बसून.

मेकॅनिक शनिवारी येतोय. चालू होईल की नाही, सांगता येत नाही. पावती मात्र बाबांच्या कपाटात सापडली.

तुमच्या जिन्याखाली काय उभं आहे? विकण्याआधी एकदा विचारा.