जळाली की जाळली?



फलटणला पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुली दिसतात. पोलीस भरतीची तयारी. धावणं आणि गोळाफेक पार पडली की लेखी परीक्षा, आणि शंभर गुणांच्या त्या पेपरात अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी यांच्याबरोबर मराठी व्याकरणही असतं. प्रयोग ओळखा, वाक्य शुद्ध करा, चार पर्यायांतून योग्य वाक्यरचना निवडा. आपण कार्यकर्त्या ही सरावाची पुस्तकं कधी उघडत नाही. उघडायला हवीत. यातल्याच काही मुली उद्या ठाण्यात बसून आपल्याकडे आलेल्या बाईची फिर्याद लिहून घेणार आहेत.

आमच्याकडे येणाऱ्या अशा काही मुलींपुढे मी चार वाक्यं ठेवली. ती जळाली. तिचा जळून मृत्यू झाला. तिला जाळण्यात आलं. नवऱ्यानं तिला जाळलं. यातलं सर्वांत स्पष्ट वाक्य कोणतं? बऱ्याच जणींनी दुसरं किंवा तिसरं निवडलं. का, तर 'कागदावर असंच लिहितात.' खरंच तसंच लिहितात. चारही वाक्यं व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष आहेत, लाल शाईची रेघ एकाही खाली पडणार नाही. पण पहिल्या दोन वाक्यांत गुन्हाच घडलेला नाही. तिसऱ्यात घडला आहे, पण कुणी केला ते नाही.

आपल्या भाषेत हा फरक केवढासा आहे बघा. जळणे आणि जाळणे, मरणे आणि मारणे, पडणे आणि पाडणे. एक काना. 'विहिरीत पडली' आणि 'विहिरीत पाडली' यांच्यामध्ये तेवढीच एक उभी रेघ आहे. स्टोव्हच्या भडक्याच्या बातम्या वर्षानुवर्षं या काना नसलेल्या क्रियापदांवर चालल्या.

इथे एक गैरसमज नको. इंग्रजीच्या धाकानं 'कर्मणी प्रयोग टाळा' असं आपल्याला सांगितलं जातं. मराठीत कर्मणी बिचारा निर्दोष आहे. 'तिनं भाकरी केली' हा कर्मणीच, आणि करणारी त्यात ठळक उभी आहे. 'नवऱ्यानं तिला जाळलं' हा तर भावे प्रयोग. खोट आहे ती 'करण्यात आलं', 'मारली गेली' या वळणात, जिथे कर्ता गाळला तरी वाक्य डगमगत नाही. कार्यालयांना ते वळण आवडतं यात नवल नाही. आणि नामांचा आडोसा आणखी निराळा: 'वाद झाला', 'अतिप्रसंग घडला', 'अब्रू गेली'. गेली म्हणे! अब्रू काय आपल्या पायांनी चालत गेली? 'शारीरिक संबंध ठेवले' हे तर सर्वांत घातक, कारण संबंध दोघांचे असतात. जबरदस्ती एकाची असते.

फलटणकर म्हणून हे आपल्याला इतरांपेक्षा आधी कळायला हवं होतं. मॅक्सिन बर्नसन यांनी याच गावाच्या बोलीचा अभ्यास करून १९७३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे १९७५ मध्ये जाई निंबकर आणि त्यांनी मिळून मराठीचं संदर्भ-व्याकरण इंग्रजीत लिहिलं. म्हणजे आपल्या गावाची भाषा अभ्यासाच्या लायकीची ठरून पन्नास वर्षं उलटली. तरी ठाण्यात बाई 'हाणलं', 'लोटलं', 'भाईर काढलं' म्हणाली की लिहिणाऱ्याचा हात अडखळतो आणि कागदावर 'मारहाण करून घराबाहेर काढण्यात आले' असं उमटतं. शुद्ध झालं, धूसर झालं.

यात किती जातं ते सांगते. बाई म्हणते, 'नणंदेनं उलथनं तापवून हातावर डाग दिला.' कागद म्हणतो, 'सासरच्या लोकांनी मारहाण केली.' साधी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ मध्ये येते. तापवलेल्या वस्तूनं केलेली दुखापत कलम ११८ मध्ये, आणि तिची शिक्षा जास्त आहे. एका 'शुद्ध' वाक्यात उलथनंही गेलं आणि नणंदही गेली.

उलट बाजूही आपण सोडायला नको, कारण तो दोष आपल्याच अर्जांत असतो. 'सासरच्या सर्वांनी शारीरिक व मानसिक छळ केला' हे वाक्य आपल्या संघटनांच्या टंकलेखनयंत्रांपासून आजच्या संगणकापर्यंत जसंच्या तसं चालत आलं आहे. कर्ता आहे, पण इतका मोठा की त्यात कुणीच दिसत नाही. २०२२ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं याच कारणावरून सासरच्या नातेवाइकांवरचा गुन्हा रद्द केला: आरोप सरसकट होते, कुणी काय केलं ते नव्हतं. निकाल आवडो न आवडो, पुढच्या बाईचा अर्ज लिहिताना तो समोर ठेवावाच लागेल.

मृत्युपूर्व जबाबाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयानं १९५७ सालीच, खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या नागपूरकडच्या खटल्यात, म्हणून ठेवलंय की प्रश्नोत्तराच्या रूपात आणि शक्यतो सांगणाऱ्याच्या शब्दांत दंडाधिकाऱ्यानं नोंदवलेल्या जबाबाला तोंडी सांगोवांगीपेक्षा कितीतरी अधिक वजन आहे. सांगणाऱ्याच्या शब्दांत. तेव्हा 'लोटलं' हा शब्द 'लोटलं' असाच राहू द्या, असं म्हणायला आपल्याजवळ आधार आहे. फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवणं आणि तिची प्रत ताबडतोब, मोफत देणं हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे बंधनकारक आहे. वाचून दाखवताना सोबतच्या कार्यकर्तीनं प्रत्येक वाक्यापाशी एकच विचारावं: कुणी?

आणि उत्तर माहीत नसेल तर? तर नाव घुसडायचं नाही. 'अज्ञात इसमाकडून मारहाण झाली' असंही नको. 'अंधार होता, तोंड दिसलं नाही, मागून कुणीतरी लोटलं, आवाज दिरासारखा वाटला' असं ती म्हणाली असेल, तर तेवढंच, तसंच लिहायचं.