चिमणी जपली, कामगार गेला

लोअर परळच्या फिनिक्स गिरणीची चिमणी आजही उभी आहे. तिच्या पायथ्याशी झगमगत्या दुकानांचे संकुल आहे. वारसा जपला, असे अभिमानाने सांगितले जाते. वारसा चिमणीचा की श्रमाचा?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतील हजारोंना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले : मालकाचा, घरबांधणीचा आणि सार्वजनिक मोकळ्या जागेचा. २००१ मध्ये शासनाने ही वाटणी केवळ मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती आखडली आणि लोकांचे दोन वाटे नाममात्र उरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती उचलून धरली. काचेच्या तावदानांमागे दडला आहे तो हा व्यवहार!

माणसांचेही तसेच. खादीचा सदरा हा समाजवादाचा पुरावा नव्हे. कामगारांच्या नावाने गहिवरणारे आणि जमिनीच्या सौद्यावर मौन पाळणारे पुढारी म्हणजे तशाच जपून ठेवलेल्या चिमण्या : धूर नाही, आच नाही, केवळ शोभा.

साथींनो, दर्शनी भिंतीला भुलू नका. जमीन कोणाकडे गेली, घर कोणाला मिळाले, हे विचारा. आणि आपल्या सदऱ्याआड काय आहे, हेही तपासा.