वही आहे, पण पान कुठलं?

परवा दिवाळी अंकासाठी कथा लिहायला बसले होते. त्यातल्या म्हातारीच्या तोंडी माझ्या आजीचं एक वाक्य घालायचं होतं. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये घराची किल्ली मागताना ती जे बोलली, ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं होतं. नक्की! पण कुठे? घरात सात वह्या, ऑफिसच्या मीटिंगचं पॅड, मोबाइलमधल्या नोट्स... अख्खा रविवार शोधलं. नाही सापडलं. अर्थ आठवतो, शब्द गेले. आणि आजीला आता परत विचारता येत नाही.

तुमचंही असंच होतं ना? हौसेने महागडी डायरी घ्यायची, जानेवारीत पानंच्या पानं आणि मार्चमध्ये सामसूम! बरं, जे लिहिलं तेही हवं तेव्हा हाताला लागत नाही.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने यावर एक सोपी युक्ती काढली होती. १६८६ मध्ये ती छापूनही आली. पानांना नंबर द्यायचे, दोन पानं सूचीसाठी राखायची. प्रत्येक नोंदीला एका शब्दाचं शीर्षक. त्याचं पहिलं अक्षर आणि पहिला स्वर बघून सूचीतल्या त्या घरात पान नंबर टाकायचा. म्हणजे आपली बाराखडीच की! 'पाऊस', 'पायरी', 'पाहुणे' सगळे 'पा'मध्ये.

मी आता काय करते सांगू? वही एकच, पर्समध्ये मावणारी. नोंदीवर तारीख आणि ठिकाण. उजव्या पानावर पाहिलेलं-ऐकलेलं, जसंच्या तसं. 'कंडक्टर वैतागला' असं नाही, तो काय म्हणाला ते. डावं पान कोरं. दर रविवारी चहा घेत वीस मिनिटं मागचं वाचते आणि डावीकडे सुचेल ते लिहिते. हाच कंडक्टर मुलीच्या लग्नात पाहुण्यांना पंगतीत बसवत असता तर? झाली की कथा सुरू! उजवं पान खरं, डावं पान बिनधास्त खोटं.

नव्या वहीच्या सूचीत 'आ'च्या घरात पहिली नोंद आहे : आजी, पान १. तिचं वाक्य तिथे नाही. किल्ली आहे, पदराची गाठ आहे. निदान तेवढं तरी आता हरवणार नाही.

तुमची आजी असेल, तर आजच फोन करा. आणि हो, पान नंबर टाकायला विसरू नका!